कूलर बंद कर, कागद उडतात

मे महिन्यात, अजनीच्या क्वार्टरांत, दुपारी दोन वाजता
कूलर बंद करणारी एकच बाई मला माहीत आहे.
शेहेचाळीस अंश. खिडकीला ओलं पोतं.
आणि गजभिये मावशी म्हणतात,
"बंद कर तो. कागद उडून राहिले."

फरशीवर त्यांचा पसारा:
संत्रा बर्फीच्या डब्याचं झाकण,
चहाच्या पुड्याची आतली सोनेरी बाजू
(ती बाहेर का नसते, हा त्यांचा जुना प्रश्न),
कांद्याच्या पिशवीची लाल जाळी,
गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, बीपीच्या त्यांच्या,
साखरेच्या शेजारच्या उईके काकांच्या,
आणि मागच्या वर्षीच्या कूलरची खस,
धुऊन, वाळवून, घरट्यासाठी ठेवलेली.
मैद्याची खळ. तिच्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं शुभेच्छा खातात.

एकतीस वर्षं मेडिकलच्या वॉर्डात
त्यांनी एक रिकामं खोकं फेकलं नाही.
सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा सगळ्यात इमानदार, म्हणतात,
दुमडला की दुमडलेलाच राहते.
मिठाईच्या डब्याचा लबाड. वरून चकचक, आत भुसा.
माणसांबद्दल त्या असं काही बोलत नाहीत.

माझ्याकडे पत्रिका होत्या. साडेतीनशे छापलेल्या,
इतवारीतून, मोतिया रंगाच्या, अक्षर मरून.
सतरा वाटून झाल्या तेव्हा लग्न मोडलं.
त्या सतरा घरांना बाबा एकेक करून फोन करत बसले.
उरलेल्या दिवाणाखाली. चार वर्षं.
झाडू तिथवर जायचा आणि परत यायचा.

"रद्दीवाला बारा रुपये किलो देते," मावशी म्हणाल्या.
"मी काहीच देत नाही. मले दे."

नावं कापायला त्यांनी मला बसवलं नाही.
ते त्यांनीच केलं, नखाएवढ्या कात्रीनं,
टाके काढतात तसं:
ओढायचं नाही. कापायचं, मग उचलायचं.
माझ्याकडे घड्या.

गणपती गेला दूधवाल्याच्या मुलीला, दहावी सुटली म्हणून.
केळीचे खांब झाले गोलपोस्ट,
पाय मोडलेल्या एका पोरासाठी.
सनई-चौघडा उईके काकांना; ते घोरतात.
आणि धंतोलीच्या एका बाईंना
"आमच्या येथे श्रीकृपेकरून",
खाली माझ्या बॉलपेननं: खडा पडला.
त्या दिवशी मावशी इतक्या हसल्या
की खळीचं भांडं लवंडलं.

माझा वाढदिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला.
भाऊ महालात मारबत बघायला गेलेला.
सगळं शहर नको ते बाहेर काढत होतं,
आणि माझ्या दाराखालून एक कार्ड आत सरकलं.

गोळ्यांच्या पट्टीचा चंद्र, फुगीर, फोडलेल्या जागी डाग.
खसचं गवत. कांद्याच्या जाळीचं कुंपण,
एका कोपऱ्यात उघडं.
आणि खाली, जरा तिरकी,
माझ्याच लग्नाच्या मरून अक्षरांतली पट्टी:
आपली उपस्थिती हाच आहेर.

आत काही लिहिलेलं नव्हतं.
आपलं अक्षर वाईट, हे मावशींनीच ठरवलंय.

खिडकीशी धरलं तर गवताच्या मागे दिसतं,
उलटं, पण वाचता येतं:
सकाळी ११ वाजून ३७ मिनिटांनी.
राहून गेलं की राहू दिलं,
मी विचारलं नाही.
घड्याळात तेव्हा सव्वाचार झाले होते.
भाऊ आला, गुलालानं माखलेला, पोहे मागत.

अजून एकशे चाळीस आहेत.
पुरवून वापरू, मावशी म्हणतात.
पुन्हा उन्हाळा आलाय, पोतं ओलं केलंय,
आता मला कोणी सांगावं लागत नाही.
आत शिरताना बटण मीच बंद करते.